पाथर्डी फाट्यावरचे रो हाऊस: पहिल्या भाड्याच्या घराच्या नोंदी

१० नोव्हेंबर २०२४, रविवार

भाड्याने देण्यासाठी एक घर घ्यायचे नक्की झाले. नाशिक रोडच्या आमच्या राहत्या घराचे कर्ज मागच्या वर्षी फिटले. हाताशी चोवीस लाख आहेत: माझ्या एफडीचे, आणि आईने तिच्या माहेरच्या जमिनीतल्या हिश्श्यातून मला दिलेले. उरलेले कर्ज काढायचे.

फ्लॅट नको, एका कुटुंबाचे स्वतंत्र घरच हवे, हे माझे पहिल्यापासून आहे. फ्लॅट भाड्याने दिला की सोसायटीचे ना-वापर शुल्क येते (सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपर्यंत), आणि भाडेकरू कोण असावा याबद्दल कमिटीची मते येतात. नाशिकमध्ये रो हाऊस भरपूर आहेत. दोन खोल्या खाली, दोन वर, पुढे स्कूटर लावण्याइतकी जागा. भाडेकरूला आपले घर म्हणून राहता येते.

लहानपणी आम्ही पंचवटीत एका वाड्यात अकरा वर्षे भाड्याने होतो. पावसाळ्यात आई जमिनीवर पातेली मांडायची. मालकांना सांगायला गेले की ते म्हणायचे, "भाडं किती देता ते बघा आधी." घरमालक व्हायचे ठरवल्यापासून ते वाक्य रोज आठवते आहे.

वहीतला पहिला हिशेब: घर ४६ लाखांपर्यंत, भाडे महिना १६,०००. वर्षाचे १,९२,०००. म्हणजे ४.१७ टक्के. दादा म्हणाला, "एफडीत सात मिळतात, मग हा उपद्व्याप कशाला?" मी म्हटले, भाडे वाढत जाते, घराची किंमतही वाढते. दहा वर्षांत अशी तीन घरे करायची असा माझा बेत आहे.

१५ डिसेंबर २०२४, रविवार

पाच रविवारांत नऊ घरे पाहिली. इंदिरानगर बजेटबाहेर. म्हसरूळला दोन चांगली होती, पण अंबडच्या कारखान्यांत कामाला जाणाऱ्याला ती लांब पडतात. पाथर्डी फाट्यावर तीन पाहिली. अंबड एमआयडीसी जवळ, मुंबई-आग्रा महामार्ग हाकेच्या अंतरावर, त्यामुळे भाड्याला मागणी असते.

त्यातले एक मनात भरले होते. मागे मोठे स्वयंपाकघर, भरपूर उजेड. मंजूर नकाशा मागितला तर ते स्वयंपाकघर नकाशात नाहीच! मागची मोकळी सोडायची जागा स्लॅब टाकून आत घेतलेली. दलाल म्हणाला, "ओळीत सगळ्यांनीच केलंय, काही होत नाही." महापालिकेची नोटीस आली तर ती सगळ्यांच्या नावाने येत नाही, मालकाच्या नावाने येते. शिवाय बँकेचा व्हॅल्युअर ती खोली मूल्यांकनात धरत नाही, म्हणजे कर्ज कमी आणि किंमत पूर्ण. सोडले.

आता त्याच भागातले दुसरे एक पाहते आहे. २००६ सालचे, ओळीत मधले, दोन्हीकडे सामाईक भिंत. पूर्णत्वाचा दाखला आहे. मालक ४९ म्हणतात.

४ जानेवारी २०२५, शनिवार

घर ४६ लाखांना ठरले. विसार म्हणून एक लाख दिले, आणि 'कागदपत्रे निर्वेध न निघाल्यास विसार परत' हे वाक्य पावतीत हाताने लिहून घेतले. दलालाला ते आवडले नाही.

वकीलबाईंनी तीस वर्षांचा सर्च (मालकीच्या जुन्या नोंदींचा शोध) काढला. बिनशेती आदेश, मंजूर नकाशा, पूर्णत्वाचा दाखला, सातबाऱ्यावरचा अविभक्त हिस्सा, इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयातला व्यवहाराचा उतारा), घरपट्टीच्या पावत्या, सगळे नीट. अडकले ते वारसांपाशी. घर मूळ विकणाऱ्यांच्या वडिलांच्या नावावर होते. वडील गेल्यावर आई आणि दोन्ही मुलांची नावे लागली, पण एक बहीण आहे, जळगावला, तिचे नाव कुठेच नाही. हक्कसोडपत्र झाले का विचारले, तर विकणारे म्हणाले, "तिचं काही म्हणणं नाही. लग्नात सगळं दिलंय तिला."

मृत्युपत्र नाही, म्हणजे घर वडिलांनी स्वतः कमावलेले असले तरी बायको आणि सगळ्या मुलांचा सारखा वाटा. वकीलबाई म्हणाल्या, बहिणीची सही नसेल तर एक चतुर्थांश घराचा प्रश्न तुमच्या डोक्यावर कायम राहील.

मला त्यात आणखी एक गोष्ट बोचली. ज्या पैशांतून मी हे घर घेते आहे, त्यातला काही भाग आईला तिच्या माहेरच्या हिश्श्याचा मिळाला. मामांनी तो स्वतःहून दिला, म्हणून मला मिळाला. दुसऱ्या एका बाईचा हिस्सा गिळून मी घर घेणार नाही. विकणाऱ्यांना स्पष्ट सांगितले: बहीण खरेदीखतात सही करणारी पक्षकार हवी, आणि तिच्या हिश्श्याचा चेक तिच्या नावाने निघेल. नाहीतर विसार परत द्या.

आठ दिवस फोन नाही. मग आज सकाळी फोन आला. ती येते आहे.

७ फेब्रुवारी २०२५, शुक्रवार

वर्तमानपत्रात दिलेल्या जाहीर नोटिशीला चौदा दिवसांत कुणाची हरकत आली नाही. कर्ज मंजूर: २८ लाख, १५ वर्षे, ८.७५ टक्के, हप्ता २७,९८५. आजच रिझर्व्ह बँकेने रेपो दर (ती बँकांना ज्या दराने कर्ज देते तो) ६.५० वरून ६.२५ केला. माझे कर्ज रेपोला जोडलेले आहे, त्यामुळे पुढच्या रीसेटला, म्हणजे बँक दर नव्याने ठरवेल तेव्हा, फरक दिसेल.

हप्ता अठ्ठावीस हजार आणि भाडे सोळा हजार धरले, तर दरमहा बारा हजार माझ्या पगारातून जाणार. भाड्यातून हप्ता फिटतो असे ज्यांच्याकडून ऐकले, त्यांनी घराची निम्म्याहून जास्त किंमत रोख भरलेली असते, किंवा घर पंधरा वर्षांपूर्वी घेतलेले असते.

७ मार्च २०२५, शुक्रवार

नोंदणी झाली. दुय्यम निबंधक कार्यालयात मार्चची गर्दी. १ एप्रिलपासून रेडी रेकनर (मुद्रांकासाठीचे सरकारी दर) वाढणार या बोलण्याने सगळेच घाईत. अकराचा नंबर साडेतीनला लागला.

घर एकट्या माझ्या नावावर घेतले. खरेदीदार फक्त बाई असेल तर निवासी घराच्या मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. नवऱ्याचे नाव जोडले असते तर ती गेली असती. मला पाच टक्क्यांनी २,३०,००० बसले, म्हणजे ४६,००० वाचले. नोंदणी फी ३०,०००, ती त्याहून वाढत नाही. किंमत पन्नास लाखांच्या खाली असल्याने विकणाऱ्यांच्या पैशांतून एक टक्का टीडीएस (आगाऊ आयकर) कापून भरायचे काम पडले नाही. मुद्रांक आणि नोंदणीचे पैसे बँक कर्जात धरत नाही. ते खिशातून.

जळगावच्या ताई आल्या होत्या. अंगठा, फोटो, सही. बाहेर चहा घेताना मला म्हणाल्या, "बाबांनी हे घर बांधलं तेव्हा विटा मी मोजल्या होत्या." त्यांच्या भावांना तोंडावर त्यांनी काही म्हटले नाही. चेक पर्समध्ये नीट घडी करून ठेवला आणि दुपारच्या गाडीने गेल्या.

३० मार्च २०२५, रविवार. गुढीपाडवा

नव्या घरापुढे गुढी उभारली. शेजारच्या काकूंनी कडुलिंबाचा डहाळा आणून दिला. डावीकडच्या घरात त्या राहतात. उजवीकडचे बंद आहे, मालक परगावी.

डागडुजीला साठ हजार धरले होते. आजपर्यंत १,१२,०००. वरच्या न्हाणीघराचे जुने लोखंडी पाइप आतून गंजून निम्मे बुजलेले, ते सगळे बदलले. वायरिंगमध्ये अर्थिंगच नव्हते! हे विकत घेण्याआधी इलेक्ट्रिशियनला आणून पाहायला हवे होते. मी नुसते दिवे लावून पाहिले. खालच्या टाकीतली मोटर नवी. रंग. ओट्याखाली कडप्प्याचे कप्पे.

गच्चीचे वॉटरप्रूफिंग मेच्या शेवटी करायचे ठरवले. मिस्त्री दुसऱ्या कामात आहे, आणि पाऊस जूनच्या दुसऱ्या आठवड्याआधी येत नाही.

२० एप्रिल २०२५, रविवार

भाडेकरू शोधते आहे. तीन एजंटांचा पहिला प्रश्न एकच: "कोण लोक चालतील?" पहिल्यांदा मला कळलेच नाही. मग त्यांनी उलगडून सांगितले: जात, धर्म, खाणे, एकटी बाई की कुटुंब. मी म्हटले, भाडे वेळेवर देणारे आणि घर जपणारे कोणीही. एजंट म्हणाला, "मॅडम, नंतर त्रास होतो." मला त्या वाड्यातली आई आठवली. किती ठिकाणी आडनाव विचारून तिला परत पाठवले होते, हे ती अजून सांगते.

तीन कुटुंबे येऊन पाहून गेली. एका गृहस्थांनी आल्याआल्या भाडे तेरा हजारांवर आणायची भाषा केली. दुसऱ्यांना गाडीला जागा कमी पडली. तिसऱ्या एक नर्सताई, खाजगी रुग्णालयात कामाला, सोबत त्यांची आई आणि दहा वर्षांचा मुलगा. रात्रपाळी असते म्हणून दोन मालकांनी त्यांना नाही म्हटले होते. त्यांच्या सध्याच्या मालकांना मी फोन केला. ते म्हणाले, चार वर्षांत एकदाही भाडे मागावे लागले नाही, आमच्या मुलाचे लग्न ठरले म्हणून खोली आम्हालाच हवी आहे. याहून चांगली चौकशी कुठली?

१५,५०० वर ठरले. अनामत ४५,०००.

२८ एप्रिल २०२५, सोमवार

लिव्ह अँड लायसन्स करार (ठरावीक मुदतीचा भाडेकरार) ऑनलाइन नोंदवला. अकरा महिन्यांचा केला तर नोंदणी लागत नाही, असे मला पाच जणांनी सांगितले. महाराष्ट्रात तसे नाही. भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५: करार कितीही महिन्यांचा असो, लेखी आणि नोंदवलेलाच हवा, आणि नोंदवायची जबाबदारी घरमालकाची. नोंदवला नाही तर दंड किंवा कैद होऊ शकते, आणि वाद झाल्यास, वेगळे सिद्ध होत नाही तोवर, अटींबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते खरे धरले जाते. उलट करार नोंदलेला असेल, तर मुदत संपूनही घर न सोडणाऱ्याविरुद्ध कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येते, आणि त्या काळासाठी दुप्पट दराने भरपाई मागता येते.

मी चोवीस महिन्यांचा केला. दुसऱ्या वर्षी १६,३००. मुद्रांक एकूण भाड्याच्या पाव टक्का, त्यात अनामतीवरचे दहा टक्के व्याज धरून. सुमारे हजार रुपये झाले. नोंदणी फी हजार, हाताळणी शुल्क तीनशे. हा सगळा खर्च निम्मा-निम्मा. पोलिसांकडे भाडेकरूची माहिती भरली. वीजमीटर माझ्या नावावर झाला आहे, बिल त्या भरणार.

करारासोबत खोलीवार फोटो जोडले: भिंती, नळ, पंखे, दारांच्या कड्या. दोघींनी प्रत्येक पानावर सही केली. अनामत परत देताना वाद होतो तो इथेच.

१ मे २०२५

सामान आले. मुलाने वरची खोली निवडली.

२६ मे २०२५, सोमवार

पाऊस आला. मे महिन्यात मान्सून! मुंबईत आज दाखल झाल्याचे जाहीर झाले, आणि नाशिकमध्ये तर पंधरवडाभर अवकाळी कोसळतच होता. माझे वॉटरप्रूफिंग २९ तारखेला सुरू होणार होते.

रात्री पावणेअकराला नर्सताईंचा फोन. वरच्या खोलीत उजवीकडच्या भिंतीतून पाणी उतरते आहे, मुलाची गादी भिजली. मी आणि नवरा पोहोचेपर्यंत साडेअकरा. त्यांच्या आईने भिंतीखाली पातेले मांडले होते.

मी तिथे उभी राहिले आणि काही क्षण मला बोलता आले नाही. मग त्यांची माफी मागितली. मुलगा खाली झोपला होता, तोवर आम्ही सामान हलवले.

२७ मे २०२५

सकाळी मिस्त्रीला घेऊन गच्चीवर. आमच्या कोब्याला (गच्चीवरच्या वॉटरप्रूफिंगच्या थराला) भेगा आहेत, पण पाणी तिथून आलेले नाही. उजवीकडच्या बंद घराच्या गच्चीवर घोट्याएवढे पाणी साचले होते. पावसाच्या पाण्याचा पाइप पानांनी गच्च तुंबलेला, आणि दोन स्लॅबांच्या मधल्या सांध्यावरचा गिलावा उखडलेला. त्यांचे पाणी सांध्यातून माझ्या भिंतीत. मिस्त्री म्हणाला, "ताई, फक्त तुमच्या बाजूने केलं तर पैसे पाण्यात. दोन्ही गच्च्या एकदम करायला लागतील, आणि ते पाऊस संपल्यावरच."

काकूंकडून शेजारच्या मालकांचा नंबर मिळाला. त्यांचे पहिले उत्तर, "माझं घर कोरडं आहे, मी कशाला खर्च करू?" पाइप साफ करायला मात्र लगेच परवानगी दिली. तो साफ केला, सांध्यावर ताडपत्री घट्ट बांधून कडेला सिमेंट मारले. ६,५०० रुपये आणि एक दिवस.

जूनच्या भाड्यातून तीन हजार मी आपणहून कमी केले. एक खोली वापरता येत नसताना पूर्ण भाडे घेणे बरोबर नाही. ताई नको नको म्हणत होत्या.

१३ जुलै २०२५, रविवार

ताडपत्री टिकली आहे. भिंतीला ओल आहे, पोपडे सुटलेत, पण धार नाही. मुलगा वरच्या खोलीत परत गेला, पलंग डाव्या भिंतीला.

शेजारच्या मालकांशी सहावा फोन. या वेळी त्यांच्याच घरातला व्हिडिओ पाठवला, किल्ली काकूंकडे असते म्हणून आत जाऊन काढलेला. त्यांच्या जिन्यावरचे छत काळे पडले आहे आणि एका ठिकाणी सळई दिसते आहे. घर कोरडे नव्हते. दोन वर्षे कोणी आत गेले नव्हते. बराच वेळ ते गप्प होते. मग म्हणाले, "किती येईल खर्च?"

२४ ऑगस्ट २०२५, रविवार

सीएकडे दोन तास. समजले ते असे: भाड्यातून मी भरलेली घरपट्टी वजा, उरलेल्यावर सरसकट तीस टक्के वजावट, मग कर्जाचे व्याज. खरा दुरुस्तीखर्च किती झाला याला काही अर्थ नाही. तो पन्नास रुपये असो की पन्नास हजार, वजावट तीस टक्केच. पहिल्या वर्षाचे व्याज भाड्यापेक्षा जास्त असल्याने कागदावर तोटा दिसणार. जुन्या करप्रणालीत त्यातला दोन लाखांपर्यंतचा पगारातून वजा होतो. मी नव्या प्रणालीत आहे, तिथे तो पगारातून वजा होत नाही. नोव्हेंबरच्या हिशेबात मी करबचत धरली होती, ती खोडली.

७ ऑक्टोबर २०२५

भाडे दर महिन्याच्या पाच तारखेला येते. या वेळी तीन तारखेलाच ताईंचा निरोप: पगार लांबला आहे, वीस तारखेपर्यंत देते, चालेल का? चालेल म्हटले. त्यांनी आधी सांगितले, हे मला मोलाचे वाटले. पण माझा हप्ता दहाला जातो आणि खात्यात तेवढे नव्हते. एफडी मोडावी लागली. आजपासून तीन हप्त्यांचे पैसे, म्हणजे ८४,०००, वेगळ्या खात्यात. त्याला दुसऱ्या कशासाठीही हात लावायचा नाही. घर घेण्याआधीच हे बाजूला काढायला हवे होते.

(भाडे १९ तारखेला आले.)

१६ नोव्हेंबर २०२५, रविवार

गच्चीचे काम पूर्ण. जुना कोबा दोन्हीकडचा फोडला, सांधा उघडून भरला, त्यावर थर, विटांच्या तुकड्यांचा नवा कोबा, उतार पाइपाकडे, कठड्याच्या कडेने गोलाई, वर चायना मोझॅक. मग पाइप बुजवून दोन दिवस गच्चीवर पाणी कोंडून ठेवले. मी खाली भिंतीला हात लावून लावून पाहत होते. कोरडी.

एकूण ९६,०००. माझे ५८,०००, कारण आतला गिलावा आणि रंगही माझा. शेजाऱ्यांनी वीस हजार आधी दिले, अठरा दिवाळीनंतर, बोलल्याप्रमाणे. दोन्ही गच्च्यांचे पाइप दर मेमध्ये मी साफ करून घ्यायचे, खर्च अर्धा-अर्धा, असे साध्या कागदावर लिहून दोघांनी सह्या केल्या.

११ जानेवारी २०२६, रविवार

वर्षाचा हिशेब मांडला.

घर ४६ लाखांचे. मुद्रांक, नोंदणी, दलाली ४६,०००, वकील ८,०००, बँकेची फी आणि गहाणाचे मुद्रांक मिळून २४,०००, सुरुवातीची डागडुजी १,१२,०००. सगळे धरून ५०,५०,०००. साडेचार लाख मी पहिल्या दिवशी वहीत धरलेच नव्हते.

मे ते डिसेंबर भाडे १,२४,०००. त्यातून घरपट्टी ६,८००, ओळीतल्या सामाईक दिव्यांची आणि सफाईची वर्गणी ४,०००, विमा ३,२००, जूनची सूट ३,०००, गच्ची ५८,०००, ताडपत्रीसह किरकोळ ७,४००. उरले ४१,६००. आठ महिन्यांत!

हे वर्ष गच्चीचे होते म्हणून साधे वर्ष कसे असेल तेही मांडले. भाडे १,८६,०००. घरपट्टी, विमा, वर्गणी मिळून १६,०००. दुरुस्तीला १८,०००. दोन वर्षांतून एक महिना घर रिकामे, त्याचे वर्षाला ७,७५०. उरतात १,४४,२५०. खऱ्या किमतीवर २.८६ टक्के. कुठे ४.१७ आणि कुठे २.८६. दादाला आकडा दाखवला. तो काही बोलला नाही, वही मात्र नीट वाचली.

कर्जाचा दर फेब्रुवारी, एप्रिल आणि जूनच्या कपातींनंतर ७.७५ आहे, डिसेंबरची कपात पुढच्या रीसेटला येईल. हप्ता तेवढाच ठेवला, मुदत कमी होते आहे. तरीही कर्जाचा दर भाड्यातून उरणाऱ्या टक्क्यांच्या अडीचपटीहून जास्त आहे, आणि फरक किंमत वाढण्याच्या भरवशावर आहे. किंमत किती वाढेल हे मला माहीत असल्यासारखे मी वहीत लिहिणार नाही.

दुसरे घर आता नाही. या कर्जाचे मुद्दल वीस लाखांखाली येईपर्यंत आणि ही गच्ची एक पूर्ण पावसाळा काढेपर्यंत पाहायलाही जायचे नाही. तीन घरांचा बेत खोडला. हे घर मात्र विकायचे नाही. ते मला चांगले सांभाळायचे आहे.

संध्याकाळी ताईंचा फोन. त्यांच्या आईला पुढच्या मातीत शेवगा लावायचा आहे, चालेल का? शेवगा नको म्हटले, मुळे पायाकडे जातात आणि खालची टाकी तिथेच आहे. कढीपत्ता लावा, भिंतीपासून चार फूट सोडून. पुढच्या रविवारी पहार घेऊन जायचे आहे.